कागदाच्या बापाचं नाव

तीन वर्षं आम्ही नऊ बायकांनी ज्वारीला युरियाचा एक दाणा टाकला नाही. गाव आम्हाला शेणवाल्या म्हणायचं. पहिल्या साली पीक इतकं खुजं आलं की माझ्या धाकट्या जावेच्या रानातून कुत्रं पळालं तरी त्याची पाठ दिसायची. तिसऱ्या साली ज्वारी चांगली आली. पण बाजार समितीत नेली असती तर ती सगळ्यांच्या ढिगात गेली असती, आणि ढिगातल्या ज्वारीला कुणी गाव विचारत नाही. पुण्याचा एक व्यापारी ती सेंद्रिय म्हणून, आमच्या गटाच्या नावाने घ्यायला तयार झाला. मला तेवढंच हवं होतं. तीन वर्षं बोलणी खाल्ली ती ढिगात घालायला नाही.

व्यापाऱ्याच्या माणसाचा फोन जावेने घेतला. तो म्हणाला, माल शनिवारी पाठवा आणि टीसी तयार ठेवा, टीसी नसेल तर सेंद्रिय म्हणून उतरवून घेणार नाही. जावेने ते घरोघर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या सात बायका गावच्या शाळेत हेडमास्तरांपुढे उभ्या. आमच्याकडे टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. कोणत्या कामाला कोण तो मागेल याचा नेम नसतो, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही. माझा चौथीचा दाखला मी पेटीतून काढून उशाखाली ठेवला होता, हे कबूल केलेलं बरं.

जाऊ मात्र घरात बसून राहिली. ती शाळेत कधी गेलीच नव्हती.

"माजी पोती बाजूला काढा," ती म्हणाली. "माज्यापायी तुमची अडायला नगंत."

"ज्वारीला शाळा कशाला लागती?"

"मागितलाय न्हवं दाखला. म्हंजी लागत आसंल."

तीन वर्षं सगळ्यांत जास्त शेणखत हिने डोक्यावर वाहिलं, आणि आता हीच पोती मागे काढायला निघाली होती. मला राग आला. राग आला की माझं डोकं बरं चालतं. मी त्या माणसाला फोन लावला.

"टीसीचं पूर्ण नाव सांगा."

"आजी, टीसी म्हणजे टीसी."

"तुम्हाला कुणी नाव विचारलं तर दोन अक्षरं सांगून गप बसता का? नाव सांगता, बापाचं नाव सांगता, आडनाव सांगता. या कागदाचा बाप कोण? कोण देतं, कुणाला देतं, कशासाठी देतं?"

तो हसला, पण सांगितलं. ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. सेंद्रिय शेती तपासणारी संस्था ते देते. दर विक्रीला वेगळं, आणि त्यात माल कुणाचा, किती वजनाचा, कुणाला विकला ते लिहिलेलं असतं. शाळेचा काही संबंध नव्हता.

गटाच्या वह्या लिहायला शेतकी शिकलेली एक मुलगी येते. तिने डोक्याला हात लावला. आम्हाला हे माहीत असेल असं ती धरून चालली होती. तिने अर्ज केला आणि शुक्रवारी कागद आला. त्यात नऊ नावं होती. जावेचं तिसरं होतं, ते मी तिला वाचून दाखवलं.

"ह्यात शाळेचं कायच न्हाई?"

"न्हाई."

"मंग त्याला धड सांगाया काय झालं हुतं?"

शनिवारी सकाळी टेम्पो आला तो जावेच्या जावयाचा. कोरा करकरीत, पुढे झेंडूचा हार, नंबरची पाटी नाही. जावई गाडी घेऊन दारात उभा असताना दुसऱ्याची गाडी सांगायची आमच्याकडे रीत नाही. बायकांनी पोती चढवायला घेतलीसुद्धा.

"पाहुणं, नंबर कुठाय?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात येतोय, मामी. तवर टीसीवर चालतंय." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"दोन टीसी झाल्या," एक बाई म्हणाली. "आता काय भ्याव हाय."

मी तो कागद मुलीच्या हातात दिला. "ह्याचा बाप कोण, ते वाच."

तिने वाचलं. ट्रेड सर्टिफिकेट. आरटीओने गाड्या विकणाऱ्या शोरूमला दिलेलं. नोंदणी व्हायच्या आधी गाडी तपासणीला, नोंदणीला न्यायची तर त्यासाठी. माल भरायला नाही.

"म्हणजे गाडी अजून शोरूमच्याच घरची," मी म्हणाले. "पोती उतरवा."

कुणी हललं नाही. जावेचं तोंड एवढंसं झालं. "जाऊबाई, जावयाचा मान आसा काढत्यात व्हय?"

"मामी आरटीओत लागल्या वाटतं," जावई म्हणाला. "आमाला पेढं न्हाई दिलं." बायका हसल्या.

"तुमची गाडी अडकली तर तुमी सोमवारी कचेरी उघडल्यावर सोडवाल. आतली ज्वारी आमची हाय, तिला सोमवारपर्यंत कुनी थांबनार न्हाई."

मी एका पोत्याचं टोक धरून ओढायला लागले. सत्तरी गेलेली बाई पोतं ओढताना बाकीच्यांना नुसतं बघत उभं राहता येत नाही. दुसरं टोक जावेने धरलं. तोंड वाकडं करून, पण धरलं.

वस्तीवरचा जुना टेम्पो अकराला आला. पत्रा फाटलेला, पण नोंदणी, विमा, परवाना सगळं जागेवर. मी एकेक कागद नावानिशी विचारून घेतला. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, लग्न जमवताय का?" जाऊ आणि मी पुढे बसलो.

नगर-पुणे रस्त्याला तपासणीचं पथक उभं होतं. लिंबाखाली जावयाचा टेम्पो. रागाच्या भरात त्याने दुसऱ्या कुणाचा कांदा भरला होता, आणि आता स्वतः रस्त्याकडेला उन्हात उभा होता. आम्हालाही थांबवलं. ड्रायव्हरने गाडीचे कागद दाखवले, मी ज्वारीचा पुढे केला.

"हा माझ्या कामाचा नाही, आजी," साहेब म्हणाला.

"माहीत आहे. माल कुणाचा ते कळावं म्हणून दाखवला."

त्याने जायला सांगितलं. जावेने खिडकीतून पाण्याची बाटली जावयाकडे दिली. त्याने माझ्याकडे न बघता घेतली. मी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

गोदामात चारला पोचलो. तिथल्या माणसाने वजन केलं, कागदाशी जुळवलं, खडूने पाटीवर आमच्या गटाचं नाव लिहिलं आणि थप्पी लावून घेतली. तेवढ्यात एक हमाल दुसऱ्याच मालाचं पोतं घेऊन आला आणि आमच्या थप्पीवर ठेवून मोकळा झाला.

"ते काढा," मी म्हणाले.

"जागा हाय की, आजी."

"जागा हाय, पन ती आमची हाय."

गोदामवाला म्हणाला, सकाळी वेगळं करतो. मी म्हणाले, आत्ता करा, मी थांबते. आणि तिथंच एका रिकाम्या खोक्यावर बसले. जाऊ शेजारी बसली आणि पदराने वारा घेऊ लागली. गोदामवाल्याने आमच्याकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि हमालाला खूण केली. हमालाने पोतं परत पाठीवर घेतलं आणि पलीकडे नेलं. थप्पीवर आमच्या नऊ जणींच्या ज्वारीशिवाय दुसरा दाणा राहिला नाही. मग आम्ही दोघी चहा प्यायला गेलो.