संघर्षाचा रकाना

मोठीताई पहिल्यांदा आमच्या विभागात शिरली तेव्हा मी उभा राहिलो, शिपाई उभा राहिला आणि भिंतीवरच्या तसबिरीतल्या माजी कुलगुरूंनीही बूड सावरलं, असा मला आजही संशय आहे. चाळीस विद्यार्थी चिडीचूप. विभागप्रमुख बाईंनी तर खडूच तिच्या हातात दिला. मग कळलं, ही प्राध्यापक नव्हे, नवी विद्यार्थिनी. वय एकोणपन्नास, खांद्याला पिशवी, पिशवीत व्हॉलीबॉल.

बावीस वर्षं ती एका वस्तीतलं युवक केंद्र चालवत होती. आता नियम निघाला होता: वर्षअखेर 'समुदाय शिक्षण व युवककार्य' या विषयाची पदविका दाखवा, नाहीतर जागा सोडा. म्हणून सकाळी वर्ग, दुपारी क्षेत्रकार्य, संध्याकाळी केंद्र. व्याख्यानात ती कणा ताठ ठेवून झोपे. 'सक्रिय श्रवण' हा धडा तिनं अख्खा झोपेत काढला.

क्षेत्रकार्य अनोळखी वस्तीत करायचं, दोनशे तास. त्याच्या वह्या गोळा करणं हे विभागाचा कारकून म्हणून माझं काम. वहीच्या प्रत्येक पानावर एक रकाना: 'उद्भवलेला संघर्ष व तो कसा सोडवला'. एकशे ऐंशी तास झाले तरी मोठीताईचा रकाना कोरा. तिच्यासमोर त्या वस्तीतल्या पोरी भांडायच्याच नाहीत. कुणाची भुवई वर गेली की ही तिला व्हॉलीबॉलचं जाळं बांधायला पाठवी. जाळं बांधेपर्यंत भुवई जागेवर.

मार्गदर्शक सर अठ्ठावीस वर्षांचे. त्यांचं म्हणणं, संघर्ष नाही म्हणजे शिकणं नाही. रकाना भरा, नाहीतर वही नापास.

ताई माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि चपला काढून तळवे चोळू लागली. मला राहवेना. मी अक्कल पाजळली.

"लावून द्या की एखादं भांडण. पोरींना म्हणावं, नाटक करा."

पोरींनी नाटक फारच मनावर घेतलं. पाच मिनिटांत एकीची वेणी दुसरीच्या मुठीत आणि दोन वर्षांची उणीदुणी चव्हाट्यावर. ती निस्तरायला ताई चार दिवस घरोघर हिंडली. रकाना मात्र भरला, पुरवणी जोडावी लागली. पहिलंच वाक्य वाचून मला घाम फुटला: 'हे भांडण मी लावलं.'

"अहो ताई, एवढी ओळ खोडा. आपोआप झालं म्हणून लिहा."

"भाऊ, खोटं रचायला डोकं ताजं लागतं. माझं नाही राहिलं आता."

"पोरी थोड्याच वही वाचणार आहेत?"

"मीच वाचून दाखवली त्यांना," ती म्हणाली आणि चपलेत पाय सरकवून उठली.

वही पुढे गेली. सल्ला कुणाचा, हे तिनं लिहिलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही.

तिचे दोनशे तास रद्द झाले. केंद्र एका पदविकावाल्याला मिळालं. मोठीताई आता पोहण्याच्या तलावावर लोकांचे कपडे सांभाळते. सोमवारी तिला सुट्टी असते.