शेवटच्या बाकावरून

वर्गात शिरल्यावर बाई आधी शेवटच्या बाकावर जाऊन बसत. तिथून फळा दिसतो का, हे पाहून मगच खडू हातात घेत. "दिसलंच नाही तर येणार कुठून?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

भोपाळमध्ये सोनागिरीजवळच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी विज्ञान. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या, मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली. स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तुम्हीही अशा बाई पाहिल्या असतील. समारंभाच्या फोटोत त्या कडेला उभ्या असतात.

एका वर्षी नववीची मुलं गुणांप्रमाणे वेगळी करायचं ठरलं. हुशार 'अ'मध्ये, उरलेली 'ब'मध्ये. 'ब'ला मागची पत्र्याची खोली मिळाली, आणि बाई मिळाल्या. आठवड्याभरात त्यांना कळलं, अर्ध्या वर्गाला भागाकार येत नाही. आठवीपर्यंत मुलांना नुसतं वर ढकललं होतं. बाईंनी नववीचं पुस्तक मिटलं आणि दोन महिने भागाकार शिकवला. पत्रा तापला की वर्ग कडुनिंबाखाली भरायचा.

तपासणीला अधिकारी आले तेव्हा अर्थातच अभ्यासक्रम मागे होता. त्यांनी मुलांसमोरच जाब विचारला. मी दारात उभी होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, पिछले साल ये बच्चे कोर्स में आगे थे. पर इन्हें आता कुछ नहीं था."

तेवढ्यात एक मुलगी उठली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिने फळ्यावर एक लांबलचक भागाकार मांडला, सोडवला आणि तिथेच उभी राहिली. अधिकाऱ्यांनी तो नीट तपासला, मान डोलावली. शेरा मात्र लिहायचा तोच लिहिला.

वार्षिक परीक्षेत 'ब'मधली बरीचशी मुलं पास झाली. काही राहिली, आणि खुलासा मागितला गेला तो राहिलेल्यांचा. जूनमध्ये बाईंची बदली झाली, जिल्ह्याच्या पार टोकाला.

जायच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, त्या दिवशी मी दारातून आत येऊन काहीतरी बोलायला हवं होतं. त्या कपाट आवरत होत्या.

"तुझा कोर्स पुरा होता," त्या म्हणाल्या. "तुला कोण जाब विचारणार होतं?"

त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. परवाच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारलं, नव्या 'ब'चं गणित कोण घेईल? सगळ्यांनी समोरच्या कागदांत डोकी घातली. मीही घातलं. मग मी हात वर केला.