भिंतीकडे कान

ताईचं कॅफे म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली, पाच टेबलं आणि मागे स्वयंपाकघर. पूर्वी तिथे एक शिंपी बसायचा. अजूनही केर काढताना फरशीच्या फटीतून एखादी टाचणी निघते. सूप, टोस्ट, परतलेल्या भाज्या, चहा, कॉफी. मांस-मच्छी नाही. हे सगळं ताईच्या नवऱ्याने ठरवलेलं.

कपांचा नियमही त्याचाच. रोज येणाऱ्याने घरून स्वतःचा कप आणून इथे ठेवायचा. "परक्या कपातून पिणारा माणूस पाहुणाच राहतो," असं तो म्हणायचा. धुतलेले कप फळीवर पालथे मांडायचे आणि प्रत्येकाचा कान खोलीकडे ठेवायचा, म्हणजे हात घातला की कप हातात.

नवरा जायच्या दोन दिवस आधी, सकाळी दार उघडल्यावर ताईला त्याचा कप उलटा फिरलेला दिसला. कान भिंतीकडे. जणू पलीकडचं काहीतरी ऐकतोय. आपलीच धांदल, असं म्हणत तिने तो सरळ केला. तिसऱ्या दिवशी नवरा भाजी आणायला गेला आणि भाजीची पिशवी तेवढी घरी आली.

पुढे शाळेतल्या सरांचा कप फिरला. तिसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन आले, बदली झाली म्हणाले. ताईच्या जिवात जीव आला. मग समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंचा कप फिरला. त्या दुपारच्या झोपेतून उठल्याच नाहीत.

बारा वर्षांत असे सात कप. कुणी गाव सोडलं, कुणी जग. या खोलीत मात्र सातांपैकी एकही परत आला नाही.

एकदा ताईने दुकान बंद करताना फळीवर चाळणीने पीठ भुरभुरलं. किल्ली फक्त तिच्याकडे. सकाळी एक कप फिरलेला होता आणि पिठात बोटं उमटली होती. तिने आपली बोटं त्यावर ठेवून पाहिली. तंतोतंत बसली. वर खोलीत झोपलेली आपण खाली कधी आलो, हे तिला आठवेना. त्या दिवसापासून तिला स्वतःच्या हातांची भीती वाटायला लागली. भाजी चिरतानाही ती मधूनच त्यांच्याकडे बघायची.

ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती. एक तिची मुलगी, आणि दुसरे टपालवाले काका. काका निवृत्त झालेले, पण अकराच्या ठोक्याला दारात हजर. आधी फळीकडे बघायचे, मग खुर्ची ओढायचे.

"काय ताई, आज आमचं तिकीट नाही ना कापलं?"

"तुमचं कोण कापणार? वरचेही कंटाळलेत तुमच्या बडबडीला."

मंगळवारी काकांनी हा विनोद केला नाही. फळीकडे बघून ते नुसतेच उभे राहिले. पिवळी होडी रंगवलेला कप भिंतीकडे तोंड फिरवून बसला होता. ती होडी मुलीने दहाव्या वर्षी रंगवली होती. आणि मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नोकरीवर रुजू व्हायला परगावी निघणार होती. बसने सात तास. मधे घाट.

मुलगी बॅग भरून खाली आली, तेव्हा ताई दारात आडवी उभी होती.

"तू उद्या जायचं नाहीस."

"आई, परत सुरू झालं का तुझं?"

"तुझा कप फिरलाय."

"तुझा स्क्रू ढिला आहे."

"फळीचा?"

"फळीचाही." मुलगी हसली. मग आई दारातून हलली नाही तशी हसायची थांबली. तिने बॅग खाली ठेवली. "सरांचा फिरला तेव्हा बदली झाली ना? मग मीही बदलीच करतेय, असं समज."

"आणि नर्सबाई? आणि तुझे बाबा?"

काका चमच्याने रिकामी बशी वाजवत राहिले. ताई पुढे होऊन म्हणाली, "एक आठवडा थांब. फक्त एक आठवडा. मी तुझ्या साहेबांशी बोलते. तुला ताप आलाय म्हणून सांगते."

मुलगी फळीपाशी गेली. होडीचा कप उचलून तिने आत बघितलं. मग तळाशी बसलेला तपकिरी डाग बोटाने घासला.

"आई, हा चहाचा डाग आहे."

"मग?"

"मी चहा कुठे पिते? मी कॉफी पिते, तीही वर, स्टीलच्या ग्लासात. तुझा कप गेल्या वर्षी फुटला, तेव्हा दोन दिवसांसाठी म्हणून हा घेतलास. आठवतंय? तेव्हापासून रोज तूच पितेस यातून."

बशी वाजायची थांबली.

ताईने कप हातात घेतला. काठावर टवका उडाला होता. त्या टवक्याला ओठ लागू नये म्हणून कप किती फिरवायचा, हे तिच्या हाताला न बघता माहीत होतं. वर्षभराची सवय. कपावरची होडी मुलीची होती, पण कप तिचा स्वतःचा झाला होता.

मुलीलाही आपण काय बोलून गेलो ते उमगलं असावं. ती घाईने म्हणाली, "म्हणजे हे सगळं खूळ आहे, एवढंच म्हणायचंय मला. मी नाही जात. राहते आठवडाभर."

"छट्! बस चुकवशील तर बघ." ताईचा आवाज एकदम मोकळा झाला होता, छातीवरची धोंड कुणी उचलून नेल्यासारखा. "पोचलीस की फोन कर. घाटात झोपू नकोस, मान आखडते."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पोचली. खोली बरी आहे, पण खिडकीला पडदा नाही.

काका त्या दिवशी उशिरापर्यंत बसून राहिले. ताईने त्यांना पाव कुठून येतो, सुपात मीठ शेवटी का घालायचं, मागच्या दाराची कडी कशी अडकते, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला कशाला सांगतेस गं हे?" तिने होडीच्या कपात स्वतःसाठी चहा ओतला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

मग कप धुतला, पुसला आणि फळीवर पालथा ठेवला. या वेळी टक्क उघड्या डोळ्यांनी, आपल्या हाताकडे बघत. कान भिंतीकडे.

"सरळ कर की," काका कुजबुजले.

"नको," ती म्हणाली. "हा सरळ केला, तर रात्री माझा हात दुसरा कप शोधेल."