एका बटणात दोन सूर: कॉन्सर्टिनासाठी पेण आणि रोहा

डॉक्टरांनी सुमनताईंच्या मानेचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, गळ्यात पेटी अडकवणं आजपासून बंद."

"मग चालताना वाजवू कशी?"

"बसून वाजवा."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट, आमच्या पनवेलमधली. नऊ दिवसांनी आमची पदयात्रा निघायची होती. खाडीकाठची बारा गावं आणि दोनच मागण्या: मिठागरात काम करणाऱ्या बायकांना पायांत गमबूट आणि प्यायला गोडं पाणी. भाषणं माझ्याकडे, गाणी सुमनताईंकडे. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मी आयुष्यभर व्यासपीठावरून बोलत आलो आहे, पण मला भ्रम नाही. माझं भाषण ऐकून लोक टाळ्या वाजवतात. जागचे उठून चालायला लागतात ते सुमनताईंच्या गाण्यामागे. कुणी तरी सुचवलं, टेम्पोवर कर्णा बांधू, कॅसेट लावू. मी तिथल्या तिथे विरोध केला. ज्या आवाजाला पाय दुखत नाहीत, त्याच्यामागे पाय दुखणाऱ्या माणसांनी का चालावं? सुमनताईंनी मात्र मला शोभेल असं भाषण न करता विषय संपवला. "चालता येणार नसेल तर मी घरी बसेन. टेम्पोतून गाणार नाही."

मग त्यांनाच आठवली कॉन्सर्टिना. लहानपणी उरणला शेजारी एक बोटीवरचा खलाशी राहायचा, त्याच्याकडे होती, त्यानेच त्यांना वाजवायला शिकवली होती. सहा कोपऱ्यांची, दोन तळहातांत मावणारी पेटी. दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये घड्यांचा भाता. मानेवर काडीचंही ओझं नाही. मुंबईच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, परदेशातून मागवावी लागेल, चार-पाच महिने धरा. आमच्याकडे नऊ दिवस होते. पेणच्या एका लग्नाच्या बँडमध्ये असली काही तरी वस्तू पाहिल्याचं एका कार्यकर्त्याने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई आणि मी रोहा पॅसेंजरमध्ये बसलो.

या गाडीने जायचं असेल तर डाव्या खिडकीची जागा धरा. आपट्यापर्यंत डोंगर सोबत असतात. जिते स्टेशनवर वालाच्या शेंगांच्या पाट्या घेऊन बायका चढल्या. त्यांतली एक सुमनताईंना खेटूनच बसली.

"काय घ्यायला निघलीस गो बाय?"

"पेटी."

"पेटी तं पनवेलला बी मिलते. कपड्यांची का दागिन्यांची?"

"वाजवायची. हातात धरायची आणि दाबायची. मध्ये भाता असतो."

"भात?" ती मागे वळून ओरडली, "ऐकलाव काय गो, ही बाय भात दाबून वाजवते!"

पेण येईपर्यंत डबा हसत होता. सुमनताईही. मी भात्याची रचना समजावून सांगायला लागलो, तेव्हा तीच बाई म्हणाली, "ह्ये तुझं मास्तर काय गो?" सुमनताई म्हणाल्या, "नाही, हे वक्ते आहेत." "मंग बरोबर," ती म्हणाली आणि शेंगा निवडायला लागली.

पेण स्टेशन गावापासून जरा दूर आहे, रिक्षा करावी लागते. बाजारात भजनी मंडळांना टाळ-मृदंग पुरवणारं एक दुकान आहे. दुकानदाराने आमच्यापुढे तीन हार्मोनियम मांडल्या, मग जत्रेतली प्लास्टिकची लाल-पिवळी खेळण्यातली पेटी आणून ठेवली. मी त्याला लोकांची गाणी आणि चालती वाद्यं यांचं नातं सांगितलं. त्याने हात जोडून ऐकून घेतलं.

"बोललात झकास. पण वस्तू नाय. बँडवाल्या हरीमास्तरांकडे जा."

गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत हरीमास्तरांची पत्र्याची शेड. शेजारी जानेवारीतच ओल्या मातीच्या मूर्ती वाळत ठेवलेल्या. पेणला गणपतीचं काम बारा महिने चालतं, वेळ काढून नक्की बघा. मास्तर रुंद छातीचे, ट्रंपेट वाजवून गाल सैल पडलेले. कॉन्सर्टिना म्हणताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"मामाची होती. मामा बोटीवर होता. मेल्यावर माझ्याकडं आली. पण ती जन्माची बिघडलेली! एकच बटण, आत ढकला तं सा, बाहेर ओढा तं रे. असली बेइमान पेटी मी बघितली नाय."

सुमनताई एकदम पुढे सरकल्या. "आता कुठे आहे?"

"रोह्याला. शशी पेटीवाल्याकडं दिली दुरुस्तीला. त्याला बोललो, बाबा, एका बटणाचा एकच सूर कर, आपल्या हार्मोनियमसारखा."

सुमनताईंचा चेहरा उतरला. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, ती बिघडलेली नाही. ती तशीच असते. ढकलताना सा, ग, प आणि ओढताना रे, म, ध. त्या माणसाने तिला हार्मोनियमसारखं केलं, तर रे, म, ध उरणारच नाहीत."

मास्तरांनी हजार रुपये सांगितले. अट एकच, वस्तू आधी बघा, मग परत येऊन पैसे द्या. बिघडलेला माल गळ्यात मारला असं कुणी म्हणायला नको. शशीभाऊंच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा नंबर मास्तरांकडे होता. मी एसटीडी बूथवरून तो लावला.

"शशीभाऊंना निरोप द्या, ती सहा कोपऱ्यांची पेटी दुरुस्त करू नका."

पलीकडे गिरणी घरघरत होती. "काय करू?"

"काही करू नका!"

"मंग फोन कशापायी केला?" फोन बंद.

रोह्याची गाडी संध्याकाळी होती. थांबायला वेळ नव्हता. महाडकडे जाणारी एसटी पकडून कोलाडला उतरलो. हमरस्त्यावरच्या खानावळीत वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळाली, तीही ताटात पुन्हा पुन्हा वाढून. तिथे घाईतही जेवाच, आम्हीही जेवलो. तिथून सहा आसनी रिक्षाने रोहा. रिक्षा सहा आसनी, माणसं अकरा.

शशीभाऊंचं घर कुंडलिका नदीच्या बाजूला. दार त्यांच्या बायकोने उघडलं. नवरा धाटावच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला गेलेला. पेट्यांचं काम तो शिफ्ट नसेल तेव्हा करतो. खोलीला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

"गिरणीवाला सांगून गेला, कुणी तरी फोनवर ओरडत होतं म्हणून. तुम्हीच का?"

मी हो म्हणालो.

"सहा कोपऱ्यांची ना? दोन दिवस झाले, उघडून बसतायत. उद्या सकाळी या. पण आठच्या आधी नको हं, झोपलेले असतात."

स्टेशनजवळच्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या. स्वच्छ, साध्या, गरम पाणी बादलीने. सुमनताई जेवल्या नाहीत. सकाळी पावणेआठला त्या माझ्या दारात उभ्या होत्या, चप्पल घालून.

शशीभाऊ पन्नाशीचे, बनियनवर, चष्मा दोरीने बांधलेला. खोलीत हार्मोनियमचे सांगाडे, आणि मधल्या पाटावर ती कॉन्सर्टिना, एका बाजूने उघडी. आत पितळी जिभांच्या रांगा. प्रत्येक बटणाला दोन. एक ढकलताना बोलते, दुसरी ओढताना.

"तीन बटणं सरळ केली," त्यांनी अभिमानाने सांगितलं. "कसला नमुना बनवलाय बनवणाऱ्याने! बाकीची आज करून टाकतो."

माझा आवाज चढला. जे वेगळं आहे ते बिघडलेलं आहे, असं समजणाऱ्या सगळ्या दुनियेविरुद्ध माझ्याकडे तयार भाषण होतं. मी पहिलं वाक्य उच्चारलं आणि सुमनताई म्हणाल्या, "वक्ते, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर बसलो नाही, पण गप्प बसलो.

सुमनताईंनी झाकण लावून घेतलं, पेटी हातांत घेतली. शशीभाऊंचा हात न लागलेली डावी बाजू त्यांनी वाजवली. त्या शाळेत शिकवायच्या ती प्रार्थनेची चाल. भाता आत, भाता बाहेर. मग त्या न थांबता म्हणाल्या, "शशीभाऊ, तुम्ही बोलताना श्वास सोडता. ही घेतानाही बोलते."

शशीभाऊंनी चष्मा काढला. परत घातला. "पुन्हा वाजवा."

त्यांनी पुन्हा वाजवली.

"म्हणजे मी हिच्या तीन जिभा कापल्या," ते म्हणाले.

"नीट होतील?"

"जिभेचं मूळ घासलं की सूर उतरतो, टोक घासलं की चढतो. मी मुळं घासलीत. आता टोकं घासून परत चढवायचे. जिभा पातळ होतील. बघू." ते बायकोला ओरडले, "अगो, आज शिफ्टला उशीर होणार, सांग कुणाला तरी!"

सात तास. कानस इतकी हलकी चालत होती, की घासल्याचा आवाज येत नव्हता. सुमनताई आपल्या गळ्यातून सूर देत, ते जीभ एकदा घासत, बसवत, ऐकत, पुन्हा काढत. म आला. रे आला. वरचा ध येता येता टिंग असा बारीक आवाज झाला. शशीभाऊंनी जीभ उजेडाकडे धरली. मुळाशी केसासारखी चीर.

"हा गेला," ते म्हणाले. कामाचे पैसे घ्यायला ते काही केल्या तयार झाले नाहीत.

पॅसेंजरने पेणला परतलो. हरीमास्तरांच्या शेडमध्ये सुमनताईंनी पेटी वाजवली. मास्तर उभेच राहिले. त्यांचे ट्रंपेटवाले, ढोलवाले गोळा झाले.

"मामा असाच वाजवायचा," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, मामाच्या हाताला बिघडलेली पेटी सवयीची झालीय." मग नाक पुसून म्हणाले, "काल बिघडलेली होती म्हणून हजार. आता चांगली हाय. पंधराशे."

मी उसळलो. सुमनताई शांतपणे म्हणाल्या, "वरचा ध मेलाय मास्तर. त्याचे पाचशे वजा करा."

ढोलवाला मोठ्याने हसला. मास्तरांनी हजार घेतले, आणि पेटीला गुंडाळायला बँडच्या जुन्या लाल कोटाची बाही फाडून दिली.

कॉन्सर्टिना कुठे घ्यावी, असं विचारणाऱ्यांना माझं ठाम उत्तर आहे: जिथे विकणारा तुम्हाला प्रत्येक बटण ढकलून आणि ओढून बघू देतो, आणि जिथून दिवसभराच्या अंतरावर जिभा घासणारा माणूस राहतो. चकचकीत दुकान लागत नाही. भाता मात्र तपासा: पेटी एका बाजूने धरून दुसरी बाजू लोंबकळू द्या. झरझर खाली आली, तर भाता फुटका आहे, घेऊ नका.

पदयात्रा ठरल्या दिवशी निघाली. सुमनताई पुढे. पहिल्या गावात गाणं वरच्या धला पोचलं की पेटीतून नुसती हवा यायची, फुस्स. बायका हसायच्या. दुसऱ्या गावात मिठागराच्या बांधावर एकीने विचारलंच, "बाय, ही तिथंच कशी गो गप होते?"

"तिथं तुम्ही म्हणायचं," सुमनताई चालता चालता म्हणाल्या.

पुढच्या ओळीला फुस्स झालं आणि वीस-पंचवीस बायका एकदम त्या जागी ओरडल्या. सुरात होत्या असं मी म्हणणार नाही. बाराव्या गावापर्यंत ती जागा एकदाही रिकामी गेली नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत शशीभाऊंचं पत्र आलं: जुन्या पेटीतून तशी जीभ मिळाली आहे, घेऊन या, बसवून देतो. मी तयारी केली, गाडीची वेळही काढली. सुमनताईंनी पत्र वाचून त्याची घडी केली. मान सरळ होती, डॉक्टरांनी दिलेला पट्टा निघाला होता, पायांवरचे फोड मात्र अजून पुरते वाळले नव्हते.

"त्यांना लिहा, जीभ जपून ठेवा," त्या म्हणाल्या. "मी घरी बसेन तेव्हा बसवून घेईन."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ती जीभ अजून रोह्यालाच आहे.