मंजाबांच्या देव्हाऱ्यातलं नळकांडं

मालवणचा माणूस जहाज शोधायला मराठवाड्यात, फुलंब्रीकडे निघाला, म्हणून बायको पोट धरून हसली. वडील ज्या क्रूझरवर एकाहत्तरच्या युद्धात लढले, ती कधीच भंगारात गेली. मी पाळण्यात असताना वडीलही गेले. त्यांची पत्रं वाळवीनं खाल्ली. त्यांच्याच तोफेवरचे मंजाबा मात्र फोनवर म्हणाले होते, "तुझ्या बापानं गोळ्याच्या रिकाम्या पितळी नळकांड्यावर खिळ्यानं नाव कोरलंय. ये, बघून जा." निघताना आई एवढंच म्हणाली, "अक्षर कसा आसा, ता नीट बघून ये."

संभाजीनगरला ऊन नुसतं भाजत होतं. जीपमध्ये कुणीतरी कोथिंबिरीची जुडी माझ्या मांडीवर ठेवली. ती सांभाळण्याच्या नादात मी एक फाटा पुढे उतरलो आणि तंगडतोड करत मागे आलो.

मंजाबा दारात बाजेवर बसले होते. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस, नौदलात जाईपर्यंत त्यानं समुद्र पाहिला नव्हता. आता दोन्ही डोळे गेलेत. त्यांच्या सुनेनं, गयाबाईंनी, भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली.

"जहाजावरचे समदे दिवे बंद," मंजाबा सांगू लागले. "विमानाची वाट बघत तोफंपाशीच बसायचं. तुझा बाप गोळा भरायचा, मी डागायचो."

"घाबरायचे का ते?"

"समदेच घाबरायचे. म्हणून तर नाव कोरलं. बुडालो तर कुठंतरी ऱ्हावं, म्हणला. म्या म्हणलं, येड्या, हे बी बुडंल की! लई हसला."

गयाबाईंनी देव्हाऱ्यातून नळकांडं आणलं. पितळ लखलखत होतं. मी फिरवून पाहिलं, उन्हात धरलं. एक ओरखडासुद्धा नव्हता.

"दर दसऱ्याला शस्त्र म्हणून पुजतो, भाऊ," गयाबाई म्हणाल्या. "चिंच अन् राख लावून घासते. तुमी येणार म्हणून काल बी…"

"खालच्या काठाला बघ," मंजाबा म्हणाले. "घावला का बाप?"

गयाबाई पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होत्या.

"घावला, काका."

परतीच्या गाडीत फार राग आला, पण काढणार कुणावर? इतकी वर्षं त्या बाईनं देवाइतकंच ते जपलं होतं.

आई दारातच उभी होती. "कसा होता अक्षर?"

"सुंदर," मी म्हणालो.

ती समाधानानं आत गेली. वडिलांचं नाव कुठंच राहिलेलं नाही, हे आता फक्त गयाबाईंना आणि मला ठाऊक आहे.