इमोजीनची उसनी आजी

आमच्याकडच्या जेवणावर लिहिणारी माणसं उन्हाळ्यात येतात. चवळीच्या शेंगा जांभळ्या झाल्या की येतात आणि सोलायची वेळ झाली की जातात. मग कुठल्यातरी गुळगुळीत कागदावर छापून येतं की हेब्रन गावची माणसं मातीशी बोलतात. मी मिसिसिपीच्या याच रानात जन्मभर पाइनची झाडं पाडली. माती बुटाला चिकटते, पावसात जड होते, घरी आल्यावर खरवडून काढावी लागते. तिच्याशी कुणी बोलत नाही.

इमोजीन टॅडलॉकही आमच्या जेवणावरच लिहायची, पण ती यांच्यातली नव्हती.

आम्ही एका वर्गात होतो. मी जंगलात गेलो, ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. दिवसभर पोरांना जेवायला घालून ती घरी यायची आणि आमच्या साप्ताहिकासाठी लिहायची. नदी आणि रेल्वेलाइन यांच्या मध्ये जे पिकतं तेवढ्यावरच. कुणाची भेंडी निबर झाली, कुणाच्या चवळीला कीड लागली, बाहेरून ट्रकने आलेले टोमॅटो आपल्या परसातले म्हणून कुणी विकले, सगळं नावानिशी. टोमॅटोवाली बाई त्यानंतर चर्चमध्ये इमोजीनच्या बाकावर बसेनाशी झाली.

"बरं झालं," इमोजीन म्हणाली. "पाय पसरायला जागा झाली."

तिचं लिहिणं मला पटायचं. एक शब्द जास्त नाही. पाहिलं नाही ते लिहिलं नाही.

पुढे संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली. शेंग सोलवेना. मग ती माझ्या ट्रकमधून पेंडीच्या दुकानात यायची. तिथे सोलायचं यंत्र आहे. पिंप फिरतं, दाणे खाली पडतात, टरफलं मागून बाहेर. सगळं हेब्रन तिथेच सोलून घेतं. तिने तेही लिहून टाकलं होतं. लपवण्यासारखं काही नव्हतंच.

मग अटलांटाहून प्रेस्टन व्हिकरी नावाचा प्रकाशक आला. तिच्या जुन्या लेखांचं पुस्तक करू म्हणाला. चार दिवसांच्या ओळखीत तो तिला आमच्याकडे मानाने म्हणतात तसं "मिस इमोजीन" म्हणायला लागला, तेही आम्ही काढतो त्याच्या दुप्पट हेल काढून.

पुस्तक तिला हवं होतं. आयुष्यात तिने मोठ्याने मागितलेली ती एकच गोष्ट. ट्रकच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हॉलिस, वर्तमानपत्रात लोक मासे गुंडाळतात. पुस्तकात कुणी गुंडाळत नाही."

कव्हरच्या फोटोच्या दिवशी मी शेंगांच्या दोन टोपल्या घेऊन तिच्या ओसरीवर गेलो. व्हिकरीने प्लॅस्टिकच्या खुर्च्या घरामागे टाकून दिल्या होत्या. तिचं ॲल्युमिनियमचं पातेलं नको म्हणून टवके उडालेला एक वाडगा सोबत आणला होता. जुन्या सामानाच्या दुकानातून विकत घेतलेला. मग त्याने तिची बोटं पाहिली आणि तोंड वाकडं केलं. नंतर माझ्या अंगठ्यांकडे पाहिलं. आठवडाभर मी रोज जेवणापुरत्या थोड्या शेंगा हाताने सोलत होतो, टरफलांच्या रंगाने दोन्ही अंगठे जांभळे झाले होते.

"हे हात," तो म्हणाला. "नुसते हात घेऊ. एप्रन मिस इमोजीनचं."

"माझे हात तिचे म्हणून?"

"चेहरा येणारच नाही."

"नाही जमणार."

इमोजीन माझ्यावर उखडली. "एका अंगठ्यासाठी माझं पुस्तक अडवतोस?"

"तुझा अंगठा लाव ना."

"माझा कोण बघणार? स्वच्छ आहे तो."

"मग स्वच्छच असू दे."

तिने टोपलीतल्या शेंगा उचलल्या आणि अंगठ्यावर घासायला लागली. बोटं वळत नव्हती, तरी घासत राहिली. व्हिकरी म्हणाला, "छान, अजून थोडं." मी उठलो आणि ट्रकमध्ये जाऊन बसलो. झाड पडताना माणूस चिरडलेला मी पाहिलाय. तेव्हाही इतकी शिसारी आली नव्हती.

पुस्तक आलं. आत यंत्र नव्हतं. टोमॅटोवाली बाई नव्हती. कुणाचंच नाव नव्हतं. त्याऐवजी पानापानावर एक आजी होती. 'आजीच्या मांडीवर बसून मी पहिली शेंग सोलली.' इमोजीनची आजी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. घरी येऊन डब्यातलं सूप गरम करायची आणि बसल्याबसल्या झोपायची. पोराला मांडीवर घेण्याइतका जीव तिच्यात उरत नसे.

"हे तू लिहिलंस?" मी विचारलं.

"तो म्हणाला, थोडी डागडुजी करतो."

"छापायच्या आधी दाखवलं नाही?"

"दाखवलं." तिने पुस्तक मिटलं. "मी तेव्हा कव्हरच बघत बसले."

वाचनालयात कार्यक्रम ठेवला होता. शहरातून गाड्या भरून माणसं आली. एकीने आजीबद्दल विचारलं. इमोजीन उभी राहिली. म्हणाली, "ही आजी माझी नाही. माझी आजी कॉलर शिवायची आणि आम्हाला डब्यातलं सूप द्यायची. फोटोतला अंगठा मी घासून रंगवलाय. चवळी मी पेंडीच्या दुकानात यंत्रावर सोलून घेते. तुम्हाला फसवलंय. पुस्तक परत द्यायचं असेल त्यांनी द्यावं."

मला बरं वाटलं. वाटलं, आता उठतील, पुस्तकं टेबलावर आपटतील.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत होती. "किती प्रांजळ," म्हणाली, आणि बहिणीसाठी अजून एक प्रत घेतली. व्हिकरी माझ्या शेजारी उभा राहून मोबाइलवर ते सूप आणि कॉलर टिपून घेत होता. इमोजीन तशीच उभी. घरी जाताना ट्रकमध्ये एवढंच म्हणाली, "नीट सांगितलं ना मी? स्पष्ट?"

"स्पष्ट सांगितलंस."

"मग?"



पुढच्या आठवड्यात तिने हेच सगळं साप्ताहिकासाठी लिहून दिलं. लॅमर आता ते चालवतो, त्याच्या बापानंतर. त्याने आजी खोटी असल्याचा मजकूर उडवला.

"कशाला पुस्तकावर पाणी फिरवतेस?" म्हणाला. "गावाचं नाव होतंय."

"सगळं छाप, नाहीतर काहीच छापू नकोस."

त्याने काहीच छापलं नाही. तिच्या जागेवर आता दर गुरुवारी पुस्तकातला एकेक तुकडा येतो, तिच्या नावाने, आजीसकट. पुस्तकाच्या करारात तशी सोय आहे म्हणे.

मी साप्ताहिक घेणं सोडलं. ती घेते. वाकड्या बोटांत पेन धरून तो तुकडा दुरुस्त करते. आजी खोडते, नावं परत घालते, टोमॅटोवालीसुद्धा. मग शेंगा द्यायला गेलो की तो कागद माझ्या हातात देते आणि मी वाचून होईपर्यंत समोर बसून राहते.