काळ्या बुडाचं पातेलं

चर्चमध्ये आमच्या धर्मप्रांताच्या वर्धापनदिनाची मिस्सा, म्हणजे मोठी उपासना, होती. वेदीपाशी अर्पण घेऊन जाणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यांच्या हातांत फुलांच्या, फळांच्या सजवलेल्या परड्या होत्या. शेवटी उभ्या रोजामावशीच्या हातात मात्र पातेलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी ती रोज दुपारी त्यात पेज रांधते.

सजावट समितीच्या बाईंनी तिला अडवलं. "मावशी, आज बिशप आलेत. निदान घासून तरी आणायचं!"

"आतून घासलंय. बुडाशी रोज जाळ असतो," असं म्हणून मावशी चालू लागली.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्या सेवाकार्याच्या फलकांवर सगळे कसे इस्त्रीचे कपडे घालून हसत असतात! रोज कुणाला जेवू घालायचं तर भांडं काळं होणारच. लाज वाटायचीच असेल, तर ती माळ्यावरच्या कोऱ्या भांड्यांची वाटावी.

बिशपांनी पातेलं दोन्ही हातांनी घेतलं, तशी त्यांच्या पांढऱ्या झग्याला काजळी लागली. समितीच्या बाई रुमाल घेऊन धावल्या. मावशी जागची हलली नाही.

"बाराच्या आत परत द्या हं," ती बिशपांना म्हणाली. "तिकडे लोक जेवायचे थांबलेत."